भेटीची परतफेड



नोकरीतून निवृत्त झाल्यावर माणसाला वेळ खायला उठतो असे आम्हाला पुष्कळांनी सांगितले होते. आम्हा दोघांचा अनुभव तसा नाही. सकाळची मिस्सा, येताना दूध, मग एकाने वाचनालयात वर्तमानपत्र चाळायचे आणि दुसरीने मंडईत जायचे. आपल्या गावासारख्या तालुक्याच्या गावात दहा मिनिटांच्या रस्त्याला तास लागतो. वाटेत चार माजी विद्यार्थी भेटतात, कोणाच्या तरी गुडघ्याची चौकशी करावी लागते, कोणाच्या तरी मुलीचे स्थळ ऐकून घ्यावे लागते. दुपारी पुण्याहून मुलाचा फोन येतो. संध्याकाळी दवाखान्यात कोणाला तरी बघायला जायचे असते, नाहीतर लघु ख्रिस्ती समूहाची प्रार्थना असते. शिवाय बारशी, साखरपुडे, शेजारच्या गणपतीची आरती, ईदचा शिरखुर्मा, कोणाचा तरी दहावा. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीची यात्रा येते. पूर्वी आम्ही पायी जायचो. आता पाय ऐकत नाहीत, म्हणून रस्त्यावर उभे राहून पदयात्रींना पाणी देतो.

दर नोव्हेंबरात आम्हाला बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा सहीनिशी सांगायचे, म्हणजे पेन्शन चालू राहते. रांगेत आमच्यासारखेच सगळे असतात, आणि मागच्या वर्षी दिसलेला एखादा चेहरा या वर्षी दिसत नाही. आम्हाला वाटते की हयातीचा दुसरा दाखला माणसाला रोज लागतो, आणि तो बँक देत नाही. दारावरून जाताना कोणी हाक मारली, चहाला थांबवले, की तो मिळतो. हा लेख त्या दुसऱ्या दाखल्याविषयी आहे. तो एका बाईंना द्यायचे आम्ही पाच महिने टाळले, त्याविषयीही आहे.

आधी आमच्या वहीबद्दल सांगू. आमच्या कपाटात एक जाड पुठ्ठ्याची वही आहे. आमच्या लग्नात आलेला आहेर तिच्यात पहिल्यांदा लिहिला गेला: नाव, गाव, आणि पुढे अकरा रुपये, एकवीस रुपये, स्टीलचा डबा, पितळी समई. पुढे मुलांचे बाप्तिस्मे, प्रथम ख्रिस्तशरीर, लग्ने यांचेही आहेर तिच्यात नोंदले. कोणाकडे कार्य निघाले की वही काढायची, त्यांनी आपल्याला काय दिले ते बघायचे, महागाईचा हिशेब धरून थोडे वाढवायचे आणि पाकिटात घालायचे. पुष्कळ घरांत अशी वही असते. तिची आम्हाला लाज वाटत नाही. हातावर पोट असलेल्या माणसाने पन्नास वर्षांपूर्वी आपल्या लग्नात अकरा रुपये दिले, ते विसरू नयेत यासाठी ती आहे. हल्ली पत्रिकेवर 'आहेर आणू नये' असे छापतात, आणि मग मांडवात पाकिटे घ्यायला एक भाचा बसवतात, तो भाग वेगळा.

अडचण कागदाच्या वहीची नाही. मनातही एक वही उघडली जाते, आणि तिची पाने संपत नाहीत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला कोण भेटायला आले, कोण आले नाही. आपण त्यांच्याकडे नाताळात करंज्या पाठवल्या, त्यांच्याकडून काय आले. तीनदा आपण गेलो, ते एकदाही फिरकले नाहीत, आता आपण कशाला जायचे? निवृत्तीनंतर ही वही जास्त भरते, कारण नोंदी करायला वेळ असतो.

आता ती गोष्ट. आम्ही चार जोडपी दर रविवारी संध्याकाळी एकत्र बसत असू. पाळीपाळीने एकेकाच्या घरी. चहा, काहीतरी तळलेले, आणि पत्ते. आठजण म्हणजे मेंढीकोटाचे दोन डाव बरोबर बसत. पैसे लावून आम्ही कधी खेळलो नाही, पण दश्शी पकडल्यावर जो आरडाओरडा होई तो ऐकून रस्त्याने जाणाऱ्यांचा तसा समज झाला असेल. दहा-बारा वर्षे हे चालले. मग गेल्या जूनमध्ये चौघांतले एक भाऊ गेले. रात्री छातीत दुखले, सकाळ झाली नाही.

त्या वेळी जे करायचे ते आम्ही सगळ्यांनी केले. आठवडाभर संध्याकाळी त्यांच्या घरी प्रार्थना झाली. वहिनींच्या घरची चूल पेटू दिली नाही, तीन घरांतून डबे गेले. बँकेचे कागद, कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज, मृत्यूचा दाखला, सगळीकडे कोणी ना कोणी बरोबर गेले. महिन्याच्या मिस्सेला चर्च भरले होते. आणि त्यानंतर जुलैत रविवारचे बसणे पुन्हा सुरू झाले, तीन घरांत.

वहिनींना बोलवायचे नाही असे कोणी ठरवले नव्हते. हे आम्ही खरे सांगतो. पहिल्या रविवारी कोणीतरी म्हणाले, आत्ताच त्यांना काय बोलवायचे, लोक काय म्हणतील. दुसऱ्या वेळी कोणी म्हणाले, आपण सगळे जोडीने बसलेले बघून त्यांना भाऊंची आठवण येईल, कशाला जखमेवरची खपली काढा. पुढे कोणीतरी हिशेबही मांडला: सातजणांत दोन डाव बसत नाहीत. आणि त्यांना बोलावले की त्यांनाही पाळी आली, त्यांच्यावर खर्चाचा आणि कामाचा बोजा. प्रत्येक कारणात थोडी दया होती. म्हणून तर ती कारणे पटली. पाच महिने आम्ही दयेपोटी एका बाईला बाहेर ठेवले.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी मिस्सा सुटल्यावर वहिनी चर्चच्या पायऱ्यांवर भेटल्या. कबरस्तानात फुले वाहून आल्या होत्या. इकडचे तिकडचे बोलणे झाले आणि त्यांनी सहज विचारले, "भाऊजी, रविवारचं बसणं आता बंदच पडलं का हो?"

आमच्यापैकी एक म्हणाले, "हो ना वहिनी, हल्ली जमतच नाही कोणाचं."

कोण बोलले ते सांगत नाही. दुसरे शेजारी उभे राहून गप्प बसले, म्हणजे ते खोटे दोघांचे झाले. पाच मिनिटांपूर्वी ज्या जिभेवर ख्रिस्तशरीर घेतले त्याच जिभेने ते बोलले गेले. त्या दिवशी पाळी आमच्या घरी होती. संध्याकाळी पडवीतला दिवा लागलेला, दारात दोन स्कूटर, आत हसण्याचा आवाज, आणि फाटकासमोरून वहिनी जपमाळेच्या प्रार्थनेहून घरी निघालेल्या. त्या थांबल्या नाहीत. चालही बदलली नाही. आम्ही दोघांनी त्यांना पाहिले, आणि एकमेकांकडे बघायचे टाळले.

त्यानंतर बरेच दिवस आम्ही या गोष्टीचा विचार केला. एकमेकांशी बोललो, वाचनालयातून पुस्तकेही आणून पाहिली. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथातले दोन भाग मैत्रीला दिले आहेत. त्याने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले: उपयोगासाठी केलेली, आनंदासाठी केलेली, आणि समोरचा माणूस चांगला आहे म्हणून त्याचे भले इच्छिणारी. पहिल्या दोन उपयोग आणि आनंद संपला की संपतात. आम्हाला वाटत होते की उपयोगाची मैत्री तरुण, धंदेवाईक माणसांत असणार. पण ती विशेषकरून म्हाताऱ्या माणसांत आढळते असे तो म्हणतो, कारण त्या वयात माणूस सुखापेक्षा सोयीच्या मागे असतो. हे वाचून आम्ही पुस्तक मिटले. आमची रविवारची मैत्री तिसऱ्या प्रकारची आहे अशी आमची समजूत होती. एक माणूस वजा होताच ती सातांत मेंढीकोट बसतो का, या प्रश्नावर येऊन थांबली.

लूककृत शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय आपण सर्वांनी ऐकला आहे. प्रभू एका परुशी पुढाऱ्याच्या घरी जेवायला गेला असताना यजमानालाच सांगतो की जेवणावळ घालशील तेव्हा मित्रांना, भावांना, नातलगांना, श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नकोस, कारण ते तुला उलट बोलावतील आणि फेड होऊन जाईल. गरीब, लंगडे, आंधळे, ज्यांना फेडता येत नाही त्यांना बोलाव. हा उतारा आम्हाला नेहमी सोपा वाटत आला. नाताळात अनाथाश्रमात फराळ दिला, सेंट विन्सेंट डी पॉलच्या पेटीत पैसे टाकले, की तो आपण पाळला. आपल्याच पत्त्यांच्या टेबलाशी त्याचा संबंध असेल असे मनात आले नव्हते. गरीब म्हणजे पैशाने गरीब, असाच अर्थ आम्ही घेत होतो. वहिनी पैशाने गरीब नाहीत. पण गावातल्या समाजात जोडीने वावरणाऱ्या माणसांच्या मध्ये एकटी झालेली बाई कशाने तरी लंगडी होते, आणि आपण तिला ते चालताना जाणवून देतो.

प्रेषितांच्या कृत्यांतला सहावा अध्यायही आठवला. यरुशलेमच्या पहिल्या ख्रिस्तसभेत कुरकुर झाली ती विधवांवरून. रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते, आणि ते दूर करण्यासाठी स्तेफन वगैरे सातजण नेमले गेले. आम्ही मनात म्हटले, वहिनींच्या वाटणीत तर आपण कमी पडलो नाही, डबे वेळेवर गेले. मग कशात कमी पडलो?

या प्रश्नाचे उत्तर त्यांनीच दिले. नाताळच्या आधी आम्ही धीर करून त्यांच्या घरी गेलो. हातात सफरचंदे आणि मोसंब्यांची पिशवी होती. त्यांनी ती घेतली, बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "भाऊजी, फळं आजाऱ्याला नेतात. मी आजारी नाही."

मग चहा आला. आम्ही अडखळत म्हटले की रविवारी येत चला, तुम्ही काही करायचे नाही, पाळी वगैरे तुम्हाला नको, नुसते येऊन बसा. आम्हाला वाटले, प्रभूच्या सांगण्याप्रमाणे ज्याला फेडता येत नाही त्याला आपण बोलावत आहोत. वहिनींचा चेहरा उतरला. "पाळी नको म्हणजे? माझ्या घरी यायचं नाही का तुम्हाला? ह्यांच्या पाठीमागे माझा चहासुद्धा कोणाला नको झाला?"

आमची चूक दुसऱ्यांदा झाली होती, आणि ही पहिलीपेक्षा अवघड होती, कारण या वेळी आम्ही शुभवर्तमान पाळत होतो. निदान आमची समजूत तशी होती. आम्ही त्यांना द्यायला निघालो होतो आणि त्यांच्याकडून घ्यायला तयार नव्हतो. डबे गेले, कागदपत्रे झाली, फळे गेली. सहा महिन्यांत त्यांच्या हातचे काही खाऊन आम्ही त्यांचे ऋणी झालो असतो असा एकही प्रसंग आम्ही येऊ दिला नव्हता. वाटणीत आम्ही कमी पडलो ते इथे.

प्रभूचे शब्द खोटे नाहीत, पण त्याचे वागणेही त्या शब्दांच्या शेजारी ठेवून वाचायला हवे. त्याने लोकांना दिले, आणि लोकांकडून घेतलेही. सूखार गावाच्या विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी तो बोलायला लागला ते तिच्याकडे पाणी मागून. यरीहोत उंबरावर चढलेल्या जक्कयाला त्याने खाली बोलावले आणि आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे म्हणून सांगितले. उपदेश केला नाही, भिक्षा घातली नाही, त्याच्याकडे पाहुणा म्हणून गेला. गावाने ज्याच्या घरची पायरी चढायचे सोडले होते, त्याला यजमान केले. बेथानीला मार्थेच्या हातचे तो जेवला. ज्याच्याकडून कोणी काही घेत नाही त्याच्याकडून घेणे हेसुद्धा देणेच असते, हे आम्हाला पन्नास वर्षे मिस्सेला जाऊनही समजले नव्हते.

मग परतफेडीचे काय? ती वाईट की चांगली? इथे आम्हा दोघांचे थोडे मतभेद आहेत. एकाचे म्हणणे असे की हिशेब हाच मैत्रीचा घुण आहे, वही जाळावी. दुसरीचे म्हणणे, वही जाळली की ज्यांच्याजवळ देण्यासारखे थोडेच आहे त्यांच्या अकरा रुपयांची आठवणही जळते. रोमन तत्त्वज्ञ सेनेका हा संत पौलाच्या काळातला. उपकारांविषयीच्या आपल्या ग्रंथात तो सांगतो की उपकार फेडायची फार घाई करणाऱ्या माणसाचे मन कृतज्ञ माणसाचे नसते, कर्जदाराचे असते. हे मात्र आम्हा दोघांना पटले. ज्याला आपल्याशी संबंध नको असतो तो दुसऱ्या दिवशी सगळे फेडून मोकळा होतो. संत पौल तर रोमकरांना लिहितो की कोणाचे काही देणे ठेवू नका, एकमेकांवर प्रीती करण्याचे देणे तेवढे राहू द्या.

आमच्या शेजारच्या आजींना यातले काही वाचावे लागले नाही. दिवाळीत त्यांच्याकडून चकल्या-अनारशांचे ताट येते, नाताळात आमच्याकडून करंज्या आणि केक जातो. मधल्या काळातही वाटी-डबा चालूच असतो. एकदा त्या आमचा डबा परत करायला आल्या, घरात करून द्यायला काही नव्हते, तर त्यात चमचाभर साखर घालून आणली. रिकामे भांडे परत करू नये ही आपल्याकडची जुनी रीत. चमचाभर साखरेने आमच्या अर्धा किलो करंज्यांची फेड होत नाही, आणि ती व्हावी अशी आजींची इच्छाही नसते. व्यवहार मिटला नाही, एवढेच ती साखर सांगते. आमच्या वहीत ती कुठल्या रकान्यात लिहावी हे आम्हाला आजवर सुचलेले नाही.

आता एक प्रश्न उरला आणि त्याने आम्हाला सगळ्यात जास्त छळले. चर्चच्या पायऱ्यांवरचे ते खोटे. प्रायश्चित्त संस्कारात आम्ही दोघांनी ते कबूल केले. तेवढ्याने पुरे का? एकाचे म्हणणे होते, वहिनींना तोंडावर सांगितले पाहिजे, ज्याचा अपराध केला त्याची क्षमा मागितल्याशिवाय अपराध फिटत नाही. दुसरीचे म्हणणे, त्यांना ते ठाऊकच आहे. त्यांनी पडवीतला दिवा पाहिला, हसणे ऐकले. ठाऊक असूनही त्यांनी कधी शब्द काढला नाही, आमची लाज राखली. आता आपण कबुली देऊन आपले मन हलके करणार आणि त्यांना मात्र समोर बसून "जाऊ द्या हो" म्हणायला लावणार. म्हणजे पुन्हा त्यांच्याकडून घेणेच झाले. त्यावर पहिल्याचे उत्तर असे की घ्यायला शिकायचे असे आत्ताच तर ठरले ना! यावर आम्ही तीन रात्री वाद घातला. जेवण थंड झाले.

शेवटी आम्ही सांगितले. फार चांगले सांगता आले नाही. वहिनी थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या की त्या रात्री घरी जाऊन त्यांनी भाऊंचा पत्त्यांचा जोड काढला आणि एकट्याच पत्ते लावत बसल्या. खोट्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. क्षमा केली असेही म्हणाल्या नाहीत. तसे म्हणतील ही अपेक्षा आम्ही मनात धरली होती हे आम्हाला तेव्हाच कळले.

जानेवारीपासून आम्ही सातजण बसतो. सातांत दोन डाव बसत नाहीत हे कारण किती पोकळ होते ते पहिल्याच रविवारी दिसले. चौघे मेंढीकोट खेळतात आणि उरलेले तिघे पाच-तीन-दोन. लहानपणी आपण सगळे जो खेळ खेळलो तो पाच महिने एकालाही आठवू नये! वहिनी पाच-तीन-दोनला बसतात, आणि मागच्या डावात ज्याचे हात कमी झाले त्याची पाने ओढताना अजिबात दयामाया दाखवत नाहीत.

हा लेख छापायला देण्याआधी आम्ही त्यांना वाचून दाखवला. त्यांची नको असेल तर देणार नव्हतो. त्यांनी चष्मा पुसत सगळा ऐकला आणि एकच दुरुस्ती सांगितली. स्कूटर दोन नव्हत्या, तीन होत्या. "तिसरी तुमचीच होती, भाऊजी. ती तुम्ही धरलीच नाही." आम्ही म्हटले, दुरुस्त करतो. त्या म्हणाल्या, राहू दे, खाली लिहा. आणि या रविवारी पाळी त्यांची आहे. भजी करणार आहेत. फळे आणायची नाहीत, पण त्यांच्याकडे दोन खुर्च्या कमी पडतात, तेवढ्या आम्ही येताना घेऊन यायच्या आहेत.